गाडी साऱ्या घराची, स्टिअरिंगची काळजी कोणाची?

आपल्या अनेक एकत्र कुटुंबांच्या दारात एक जुनी, मोठी गाडी उभी असते. कुठे मारुतीची ओम्नी किंवा इको, कुठे टोयोटाची क्वालिस, कुठे शेव्हरोलेची टवेरा, तर कुठे दोन लाख किलोमीटर कधीच पार केलेली इनोव्हा. मुलांना शाळेत सोडणे, दादीला तपासणीसाठी दवाखान्यात नेणे, आखाती देशातून सुट्टीवर येणाऱ्या चाचांना मुंबई विमानतळावरून आणणे, निकाहला आणि वलीम्याला पंधरा माणसांची ने-आण करणे, ईदला साऱ्या घराला गावी पोहोचवणे, ही सारी कामे हीच गाडी करते. नवी घ्यायची म्हटले तर एवढी माणसे मावतील अशी गाडी परवडत नाही. म्हणून जुनीच चालवली जाते, आणि त्यात गैर काहीच नाही. नीट सांभाळलेली जुनी गाडी वर्षानुवर्षे साथ देते.

मात्र या गाड्यांचे वय एकदा मोजून पाहायला हवे. ओम्नी 1984 मध्ये 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. क्वालिस भारतात 2000 मध्ये आली आणि 2005 मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. म्हणजे रस्त्यावरच्या सर्वांत तरुण क्वालिसनेही आता विशी गाठली आहे. इतक्या वर्षांत इंजिनचे काम निघते, एसी बिघडतो, सीट कव्हर दोनदा बदलून होतात. या सगळ्यात जी गोष्ट शेवटी आठवते ती म्हणजे स्टिअरिंग.

याला कारण आहे. एसी बंद पडला तर त्याच दुपारी साऱ्या घराला कळते. इंजिन धूर ओकू लागले तर शेजारीसुद्धा सांगतात. स्टिअरिंगची झीज मात्र हळूहळू होते. आज केसभर, पुढच्या महिन्यात आणखी केसभर. गाडी रोज चालवणाऱ्याचे हात त्या ढिलाईची नकळत सवय करून घेतात. गाडी डावीकडे ओढत असेल तर तो स्टिअरिंग थोडे उजवीकडे धरूनच चालवतो आणि असे करतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. सहा महिन्यांनी सौदीहून आलेला धाकटा भाऊ मात्र हातात गाडी घेतल्याबरोबर विचारतो, "भाईजान, स्टिअरिंग एवढे ढिले कसे झाले?" आणि उत्तर मिळते, "काही नाही रे, जुनी गाडी आहे, अशीच चालते."

"अशीच चालते" हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, त्या घराने पुढचा मजकूर जरूर वाचावा.

हातापासून चाकापर्यंत

स्टिअरिंग म्हणजे केवळ हातातले गोल चाक नव्हे. त्या चाकाखाली एक दांडा असतो. दांड्याच्या खालच्या टोकाला वळणारा सांधा असतो, त्याला गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. हा दांडा पुढे रॅकला जोडलेला असतो. रॅक म्हणजे दातेरी पट्टी. दांड्याच्या टोकाचे छोटे दातेरी चाक फिरले की ही पट्टी डावी-उजवीकडे सरकते. काही जुन्या, जड गाड्यांत रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स आणि त्याला जोडलेले दांडे असतात. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड आणि त्यांच्या शेवटी 'टाय रॉड एंड' असतात. हे एंड पुढची चाके वळवतात. चाकाला खालून आधार देणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट असतो.

एंड आणि बॉल जॉइंट यांची रचना आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी असते. एका खोलगट वाटीत गोळा फिरतो. आत ग्रीस असते आणि वरून रबरी टोपण असते. ते टोपण फाटले की पावसाचे पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस वाहून जाते आणि गोळा वाटी खाऊ लागतो. कोकणात चार महिने पावसाच्या पाण्यातून आणि खड्ड्यांतून गाडी हाणली जाते, वर समुद्राची खारी हवा. अशा ठिकाणी भाग लवकर झिजतो आणि गंजतो. सांधा फारच झिजला तर गोळा वाटीतून निसटतो. तसे झाले तर चाक वाकडे होऊन पडते आणि स्टिअरिंग फिरवूनही उपयोग होत नाही. अशी वेळ क्वचितच येते. पण बहुधा ती येण्यापूर्वी गाडीने कित्येक आठवडे इशारे दिलेले असतात.

ओम्नीला आणि जुन्या इकोला पॉवर स्टिअरिंग नाही, सारा जोर हाताचा. पहिल्या पिढीच्या इनोव्हात तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आहे. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाचा दाब रॅकला मदत करतो. एर्टिगासारख्या नंतरच्या गाड्यांत हीच मदत विजेची मोटर करते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असावे, कारण बिघाडाची लक्षणे त्यावर ठरतात.

इशारे कसे ओळखावे?

*ढिलाई.* सपाट जागी गाडी उभी करून पुढची चाके सरळ ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. आता स्टिअरिंग एका बोटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवा. चाक हलायला लागण्याआधी स्टिअरिंग जितके रिकामे फिरते, त्याला मेकॅनिक 'प्ले' म्हणतात. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ही मर्यादा स्टिअरिंगच्या कडेवर साधारण 30 मिलिमीटर दिलेली असते. याहून जास्त प्ले असेल तर एंड, क्रॉस किंवा रॅक यांपैकी काहीतरी झिजले आहे.

*खटखट.* खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' असा आवाज येतो आणि तो हातालाही जाणवतो, हे एंड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मच्या बुशचे लक्षण. गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग हलवल्यावर पायाजवळ टकटक होत असेल तर क्रॉस तपासा.

*एका बाजूला ओढ.* सरळ रस्त्यावर गाडी सतत एकाच बाजूला जाते. घाबरून जाण्याआधी चारही टायरची हवा मोजा. बऱ्याचदा एका टायरमधली कमी हवा हेच कारण निघते. त्यानंतर अलाइनमेंट आणि एखाद्या चाकाचा अडकलेला ब्रेक. काही अंतर चालवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर दोष ब्रेकमध्ये आहे.

*थरथर.* ठरावीक वेगावर, बहुधा ताशी 70 ते 90 किलोमीटरच्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते आणि वेग कमी केल्यावर थांबते. हे बहुतेक वेळा चाकांच्या बॅलन्सिंगचे काम असते. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर रिम वाकलेली आहे का, टायरला फुगा आला आहे का आणि सांधे ढिले आहेत का, हे पाहावे.

*जडपणा.* एरवी हलके असणारे पॉवर स्टिअरिंग जड झाले तर तेल कमी झालेले असते, पट्टा ढिला असतो किंवा पंप थकलेला असतो. पूर्ण वळवताना 'चीं' असा आवाज आला तर बहुधा पट्टा घसरतो आहे. 'घूं' असा घरघराट असेल तर तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. विजेच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये डॅशबोर्डवर स्टिअरिंगचे चिन्ह असलेला दिवा लागतो. कमजोर बॅटरीमुळेही हा दिवा लागू शकतो, म्हणून महागडी मोटर बदलण्याआधी बॅटरी आणि तिची जोडणी तपासून घ्यावी.

*परत न येणारे स्टिअरिंग.* वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याकडे यायला हवे. ते वळलेलेच राहत असेल आणि हाताने ओढून आणावे लागत असेल तर एखादा सांधा गंजून घट्ट झाला आहे किंवा अलाइनमेंट बिघडली आहे.

*टायरची झीज.* पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. आतली किंवा बाहेरची एकच कड गुळगुळीत झाली असेल, किंवा नक्षी करवतीच्या दातांसारखी हाताला लागत असेल, तर ते चाक सरळ चालत नाही, फरफटत चालते आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. यांपैकी बरीच लक्षणे चालकाआधी इतरांना कळतात. मागच्या सीटवर बसलेली अम्मी म्हणते, "पुढून काहीतरी वाजतेय." मुलगी म्हणते, "अब्बा, गाडी सरळ का जात नाही?" अशा वेळी "तुम्हाला गाडीतले काय कळते" असे म्हणून गप्प करू नका. त्यांच्या कानांना आणि डोळ्यांना त्या दोषाची सवय झालेली नसते. म्हणून त्यांचे ऐकणे शहाणपणाचे.

स्वस्तापासून महागाकडे

गॅरेजमध्ये गेल्यावर "स्टिअरिंगचा प्रॉब्लेम आहे, बघा" एवढेच सांगितले तर काम कुठल्या दिशेला जाईल सांगता येत नाही. तपासणीचा क्रम स्वतःला ठाऊक असेल तर पैसाही वाचतो आणि दोषही नेमका सापडतो.

सर्वांत आधी हवा, तीही चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या मापाने. मग तेलाची पातळी, पट्टा आणि पाइप. त्यानंतर गाडी उचलून सांध्यांची तपासणी. मेकॅनिक चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवतो. त्यात ढिलाई जाणवली तर बहुधा एंड किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. ही तपासणी रॅम्पवर किंवा भक्कम स्टँडवर होऊ द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मेकॅनिकसुद्धा.

सांधे दुरुस्त झाल्यावरच अलाइनमेंट करावी. अनेक जण उलटे करतात. गाडी ओढते म्हणून थेट अलाइनमेंटच्या दुकानात जातात, कॉम्प्युटरवर सगळे हिरवे दिसते आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा ओढू लागते. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. एंड बदलल्यावर मात्र अलाइनमेंट करावीच लागते. ती न केल्यास नवे टायर काही महिन्यांत खराब होतात.

एंड आणि बॉल जॉइंट हे स्टिअरिंगमधले तुलनेने स्वस्त भाग आहेत. रॅक महाग. एंडची खटखट वेळेवर मिटवली तर त्याचा मार रॅकला बसत नाही. रॅकच्या दोन टोकांना अकॉर्डियनसारखी रबरी टोपणे असतात. ती फाटलेली दिसली तर लगेच बदला. किरकोळ किमतीचे ते रबर महागड्या रॅकचे रक्षण करते.

पॉवर स्टिअरिंगच्या तेलाबाबत एक इशारा. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिले असेल तेच तेल घाला. तेल कमी दिसले म्हणून घाईत ब्रेक ऑइल ओतू नका. त्याने आतली रबरी सील फुगतात आणि बिघडतात, आणि थोडक्यात आटोपणारे काम पंप आणि रॅक बदलण्यापर्यंत जाते. तेल पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर ते कुठेतरी गळत आहे. दर महिन्याला ओतत राहणे हा उपाय नव्हे.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

चांगला मेकॅनिक प्रश्नांनी रागावत नाही. जुना काढलेला भाग परत मागा आणि हातात घेऊन हलवून पाहा. झिजलेला गोळा वाटीत लुळा पडलेला असतो, हे कोणालाही कळते. नवा भाग बंद डब्यातून, छापील किमतीसह समोर फोडायला सांगा. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत नकली भाग घेऊन वाचवलेले पैसे ही बचत नव्हे.

काम झाल्यावर एवढेच विचारा की एंडच्या नटमधली स्प्लिट पिन नवीन घातली का. ही छोटीशी वाकवलेली पिन नट सुटू देत नाही. काही गाड्यांत तिच्याऐवजी लॉक नट असतो. या प्रश्नाने काम करणाऱ्याचेही लक्ष त्या जागेवर जाते.

आणि एक गोष्ट कधीच मान्य करू नका. टाय रॉड, एंड किंवा लोअर आर्मला वेल्डिंग मारणे, तापवून सरळ करणे, किंवा ढिल्या सांध्यात वॉशर-रबर कोंबून तो घट्ट करणे. "आता दोन वर्षे बघायला नको" असे कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी नाही म्हणा. हे भाग दुरुस्त करायचे नसतात, बदलायचे असतात.

ओझ्याचा हिशोब

ईदच्या आदल्या दिवशी किंवा विमानतळाच्या फेरीला आपल्या गाड्या कशा भरल्या जातात हे सर्वांना माहीत आहे. आठ जणांच्या गाडीत बारा माणसे, मांडीवर मुले, मागे बॅगा आणि वर कॅरियरवर दोरीने बांधलेली खोकी. मागचा भाग दबला की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी होते. स्टिअरिंग हलके आणि तरंगल्यासारखे वाटते. टपावरच्या ओझ्यामुळे वळणावर गाडी बाहेर झुकते आणि चालक जास्त जोराने स्टिअरिंग फिरवतो. मागे सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर त्या टाकीचे वजन सामानात आधीच मोजायला हवे.

ओम्नीत तर पुढे बॉनेटच नाही. इंजिन पुढच्या सीटखाली आणि चालक जवळजवळ पुढच्या काचेला लागून. अशा गाडीत पुढे चूक झाली तर चालक आणि समोरचे वाहन यांच्यामध्ये फारसे काही उरत नाही.

म्हणून लांबच्या प्रवासात जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. टपावर फक्त हलके सामान. माणसे जास्त असतील तर दुसरी फेरी करा किंवा चार जणांना एसटीने किंवा रेल्वेने पाठवा. त्यात कमीपणा नाही. मुलांना मांडीवर घेऊन पुढे बसवणे तर कोणत्याही गाडीत टाळावे.

दिखाव्यासाठी मोठे, रुंद टायर बसवण्याचीही हौस असते. त्यांच्या जास्तीच्या वजनाने आणि बाहेर आलेल्या चाकाने सांध्यांवर ताण वाढतो. जुन्या गाडीला कंपनीने दिलेल्या मापाचेच टायर बरे.

घाटात इंजिन बंद करू नका

आंबा, कुंभार्ली, वरंधा, ताम्हिणी, यांपैकी एखादा घाट आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या वाटेवर आहे. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी घरंगळत सोडण्याची सवय जुन्या चालकांमध्ये अजून आढळते. ही सवय जिवावरची आहे.

इंजिन थांबले की तेलाचा पंप थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग एकदम जड होते. ब्रेकला मदत करणारा बूस्टरही एक-दोन वेळा ब्रेक दाबल्यावर संपतो आणि पेडल दगडासारखे कडक होते. इंजिनच्या गिअरने मिळणारा अटकावही जातो. त्यातच चुकून चावी बाहेर काढली गेली तर स्टिअरिंग लॉक लागू शकते, मग ते फिरतच नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आजही खरा आहे.

उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन दाबून धरणेही टाळा. तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये त्या वेळी दाब सर्वाधिक असतो आणि तेल तापते. टोकाला गेल्यावर किंचित मागे आणावे.

ऐनवेळी काय करावे?

स्टिअरिंग अचानक जड झाले तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा, ते अजून फिरते आहे. मदत गेली आहे, ताबा गेलेला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर देऊन हळूहळू कडेला घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावीला हात लावू नका.

पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला जोरात ओढते. जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगला हिसका देऊ नका. सरळ धरून ठेवा आणि वेग आपोआप उतरू द्या.

स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळतच नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू करा, ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबा आणि गिअर कमी करत या. थांबल्यावर सर्वांना रस्त्यापासून दूर, शक्य असल्यास कठड्यापलीकडच्या सुरक्षित जागी उभे करा. त्या गाडीला "गॅरेजपर्यंत हळू हळू" चालवत नेऊ नका. तिला उचलूनच न्यावे लागेल.

जबाबदारी एकाची

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी अब्बांच्या नावावर, हप्ते मोठ्या मुलाने भरलेले, रोज चालवतो मधला, शाळेची फेरी सुनेकडे आणि लांबच्या प्रवासाला बाहेरून बोलावलेला चालक. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने दाखवली असेल. चालकाला वाटते मालकाला माहीत असेल, मालकाला वाटते काही असते तर चालक बोलला असता. साऱ्यांच्या मालकीची वस्तू अशी कोणाच्याच देखरेखीखाली राहत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. जो गाडी चालवेल त्याने उतरताना एक ओळ लिहावी: तारीख, किलोमीटर, काही वेगळे जाणवले का. काम केले तर काय बदलले आणि कुठे. आणि घरातल्या एकाच माणसाकडे ही वही वाचून गाडी गॅरेजला नेण्याचे काम सोपवा. तो चालक असलाच पाहिजे असे नाही. अनेक घरांत औषधांचा, फीचा आणि गॅसचा हिशोब अम्मी किंवा भाभी जितक्या चोख ठेवतात, तितका दुसरे कोणी ठेवत नाही. वहीही त्यांच्याकडे द्यायला हरकत काय?

कायदाही "मला माहीत नव्हते" हे उत्तर सहज मान्य करत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 नुसार धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही दोषी ठरू शकतात. आणि दोष माहीत असणेच आवश्यक नाही, साध्या काळजीने तो कळू शकला असता एवढेही पुरते. विम्याचेही तसेच. नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड यांचा खर्च मिळत नाही.

निरोप कधी द्यावा?

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. 1 एप्रिल 2022 रोजी मोटारीसाठी या नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाली होती, आणि महाराष्ट्रात अशा जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर वेगळा. पण तपासणीत उत्तीर्ण झाली म्हणून पुढची पाच वर्षे निर्धास्त राहता येत नाही. रबरी टोपण एका पावसाळ्यात फाटते.

गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना केवळ इंजिन पाहू नका. लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक ज्या जागी चॅसीला बसवलेले असतात, तो पत्रा गंजून सडला असेल तर नवे भाग बसवूनही उपयोग नाही. गाडी रॅम्पवर असताना ती जागा स्वतः पाहा. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा खचत असेल तर त्या गाडीने आपले काम केले आहे असे समजावे. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात ती मोडीत काढली तर प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रद्द होते. तिचा पुढे कोणी गैरवापर करण्याची भीती राहत नाही.

विकायची असेल तर स्टिअरिंगचा जो दोष माहीत आहे तो घेणाऱ्याला आधी सांगा. मालाचा दोष झाकून व्यवहार करू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. इथे तर प्रश्न फक्त पैशाचा नाही. ती गाडी घेणाराही बहुधा आपल्यासारखाच एखादा कुटुंबवत्सल माणूस असेल, आणि मागच्या सीटवर त्याचीही दादी बसणार असेल.

पुढच्या लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आठ दिवस आधी, आदल्या रात्री नव्हे, एवढे करा: टायरची हवा मोजा, एका बोटाने प्ले पाहा, तेलाची पातळी बघा, पुढच्या टायरवरून हात फिरवा आणि रॅम्पवर सांधे हलवून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे. काही सापडले तर दुरुस्तीला आठवडा हातात राहतो. काही सापडले नाही तर मन शांत राहते, आणि घाटातल्या पहिल्या वळणावर मागची मुले निवांत झोपलेली असतात.